‘सर्वांचे’ सांभाळणाऱ्या कुसुमअक्का

आमच्या ऑफिसच्या जिन्यात प्रत्येक वळणावर देवांच्या टाइल्स बसवलेल्या आहेत. भक्ती म्हणून नव्हे, लोकांनी थुंकू नये म्हणून. लोक देवाला मान देतात. टाइल सोडून तिच्या बाजूला थुंकतात. पंचवीस वर्षं मी तो जिना चढतोय, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन वर्षांनंतर मला तो दिसेनासा झाला होता. कुसुमअक्का आल्या आणि तो पुन्हा दिसायला लागला. जिना चढताना त्या पदर नाकाला लावायच्या, आणि वर पोचल्यावर समोर जो कोणी असेल त्याच्याकडे, आत्ता खाली थुंकून आलेला हाच, अशा नजरेनं बघायच्या. बहुतेक वेळा समोर मी असायचो.

अक्का आमच्याकडे कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होत्या. ऑफिस जळगावचं, नाव सांगत नाही, सांगण्यासारखं राहिलेलं नाही. धरणाच्या फुगवट्यात ज्यांची घरं जातात त्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि त्यांना नव्या गावठाणात प्लॉट मिळेपर्यंत कागद इकडून तिकडे हलवायचे, हे आमचं काम. अक्का रोज धरणगावहून सकाळच्या बसनं येत. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे घरची बोली अहिराणी. ऑफिसात त्या शुद्ध बोलायचा प्रयत्न करायच्या. चिडल्या की अहिराणी बाहेर पडायची. म्हणजे दिवसातून तीन-चारदा.

पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून स्पिरिटची बाटली काढली आणि घरच्या शेतातला, सरकीसकटचा मूठभर कापूस. आमचे हेडक्लार्क नाना, वयानं आणि पोटानं ऑफिसात सगळ्यांत मोठे, त्यांचा कीबोर्ड अक्कांनी उचलून वर्तमानपत्रावर उलटा केला आणि मागून दोन थापा दिल्या. काय काय पडलं ते मी आजही जेवताना आठवत नाही. शेवेचे तुकडे, सुपारीची खांडं, बडीशेप, नखं. नखं कोणाची, पायाची की हाताची, यावर मागच्या टेबलांवर चर्चा झाली.

“नाना, याच्यावर तुम्ही टाइप करतात की जेवतात?” अक्कांनी विचारलं.

“अहो अक्का, शेवभाजीचं गाव आहे आपलं,” नाना हसत म्हणाले.

“गाव शे ना शेवभाजीनं. कीबोर्ड काय ताट शे का?”

ऑफिस हसलं. नाना हसले नाहीत. त्या दिवसापासून नानांच्या मनात अक्कांविषयी जे बसलं ते कधी निघालं नाही.

तसं त्यांच्याबरोबर दिवस काढणं सोपं नव्हतं, हेही सांगायला हवं. ऑफिसचा चहा त्या घेत नसत. त्यांच्या स्टीलच्या पेल्याला कोणाचा हात लागला तर तो तिथल्या तिथे बेसिनवर नेऊन घासायच्या, आणि ज्याचा हात लागला त्याच्या देखत घासायच्या. शिपायाला फडकं कसं पिळायचं ते शिकवायच्या. एकदा साहेबांना त्यांनी पेन ड्राइव्ह लावू दिला नाही, म्हणाल्या, “कुठे कुठे लावून आणलेला असेल, आधी तपासते.” साहेब लाल झाले. मला त्यांचा मनापासून वीट यायचा. माणसानं इतकं नितळ राहू नये, आसपासच्यांना आपला मळ दिसायला लागतो.

पण अक्कांचा खरा संसार कीबोर्डात नव्हता, तो ‘सर्वांचे’मध्ये होता. आमची अकरा कॉम्प्युटरं एकमेकांना वायरनं जोडलेली आणि कोपऱ्यातल्या एका मशीनला, ज्याला आम्ही सर्व्हर म्हणायचो. त्याच्यात एक सामायिक फोल्डर होतं. कोणीतरी त्याला ‘सर्वांचे’ असं नाव दिलं होतं. त्यात बुडणाऱ्या वस्त्यांचे पंचनामे आणि घरांचे फोटो असायचे, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून गणेश मंडळाचे बॅनर, सत्यनारायणाची आमंत्रणं, सुप्रभातची गुलाबं, नानांच्या मुलीचा बायोडाटा आणि कोणाच्या तरी मुळव्याधीचा रिपोर्ट. फाइलींची नावं ‘नवीन’, ‘नवीन १’, ‘फायनल’, ‘फायनल नक्की’. आम्ही त्या फोल्डरशी वागायचो तसं कोणी गावच्या उकिरड्याशीही वागत नाही. उकिरड्यावर टाकताना माणूस निदान आजूबाजूला कोणी बघतंय का ते पाहतो.

“बठ्ठास्नं म्हंजे कोन्हंच नही,” अक्का म्हणायच्या, म्हणजे सगळ्यांचं ते कोणाचंच नाही, आणि साफ करायला बसायच्या. प्रत्येक घराच्या फोटोला वस्तीचं नाव, घर नंबर आणि घरधन्याचं नाव देण्याची पद्धत त्यांची. घरं बघून फोटो काढून आणणारा मी. मी कार्ड दिलं की त्या एकेक फोटो उघडून मला विचारायच्या, “या बाईचं नाव काय?”

“लिहा ना काहीही. घर नंबर आहे की.”

“तुमच्या घराला नुसता नंबर लावला तर चालेल का तुम्हाला?”

मग मी चडफडत वही काढायचो.

फाइल चुकून उडणं हा आमच्याकडे आठवड्याचा कार्यक्रम होता. आपल्या मशीनवरची फाइल उडवली तर ती कचऱ्याच्या डब्यात जाते, हात घालून परत काढता येते. ‘सर्वांचे’मधली उडवली तर डबा नाहीच, थेट गेली. हे अक्कांनी आम्हाला एसटीचा दाखला देऊन समजावलं होतं. “फाइल उडवली म्हणजे फक्त सीटवरचा रुमाल उचलला. माणूस अजून तिथेच बसलेला आहे. पण रुमाल नाही म्हणून पुढचा येतो आणि त्याच्या मांडीवर बसतो. मग पहिला चेंगरला. म्हणून काही उडालं की कोणी काही सेव्ह करायचं नाही. हात वर.”

हात वर कोणीही करायचं नाही. अक्का खुर्चीतून उठून ओरडायच्या आणि आम्ही “एवढं एक पान” म्हणत चालूच. नानांच्या मुलीचा बायोडाटा उडाला तेव्हा नानांनी व्हायरसला शिव्या दिल्या, नंतर शिपायाला. उडवला होता नानांनीच, हे सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा अक्का जे बोलल्या ते पुढे त्यांचं घोषवाक्यच झालं. “कोन्ही उडाडं ते नका सांगू. कव्हय उडाडं तेवढं सांगा.” कोणी उडवलं ते त्यांना नकोच असायचं. कधी उडवलं हे कळलं की त्यानंतर किती जण मांडीवर बसले असतील याचा अंदाज यायचा. पण आमच्या ऑफिसात ‘कधी’ सांगितलं की ‘कोणी’ आपोआप कळतं, म्हणून कोणी तेही सांगत नसे. अक्कांनी पाऊण तासात बायोडाटा काढून दिला. नाना म्हणाले, “मुक्ताईची कृपा.” अक्कांचे आभार मानल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

या सगळ्यावर उपाय एक होता. ‘सर्वांचे’ची रोज दुसरीकडे नक्कल ठेवायची. त्यासाठी वेगळी डिस्क हवी म्हणून अक्कांनी तीनदा अर्ज केला. नाना तिन्ही वेळा “बघू” म्हणाले.

आता तो दिवस. दसऱ्याचा आदला. दसऱ्याला सुट्टी, पुढे शनिवार-रविवार, म्हणून आमच्याकडे हत्यारांची पूजा आदल्या दिवशीच होते. हत्यारं म्हणजे कॉम्प्युटरं. सकाळी झाडलोट, चार वाजता हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ, पेढा, घर. पूजा झालेलं हत्यार मग दसरा होईपर्यंत कोणी हलवत नाही.

झाडलोट चालली होती, म्हणून मलाही साफसफाईचा झटका आला. माझ्या स्क्रीनवर एक फोल्डर होतं, मुक्ताईनगरकडच्या एका वस्तीच्या घरांच्या फोटोंचं. मला वाटलं, ही माझ्याकडची जादा नक्कल. ती नक्कल नव्हती. ‘सर्वांचे’मधल्या खऱ्या फोल्डरकडे जाणारी ती नुसती वाट होती. वाटेनं आत जाऊन मी सगळे फोटो निवडले आणि डिलीट दाबलं. इंग्रजीत काहीतरी विचारलं गेलं. मी न वाचता ‘येस’ केलं. आयुष्यभर इंग्रजीत जे जे विचारलं गेलं त्याला मी ‘येस’च केलेलं आहे.

मग सवयीनं डबा बघितला. रिकामा. वेळ बघितली: दहा वाजून दहा मिनिटं. चौसष्ट घरं. ती वस्ती पावसाळ्याआधीच हलवलेली, घरं पाडलेली, ऑगस्टपासून तिथे पाणी. पुन्हा जाऊन फोटो काढायला खाली जमीनच नव्हती. माझ्या कॅमेऱ्याचं कार्ड मीच केव्हाच पुसून भाच्याच्या साखरपुड्याला नेलं होतं.

मी उठलो आणि चहाला गेलो. हो, चहाला. कट चहा घेतला, वर आणखी एक घेतला. अक्कांच्या टेबलापासून माझं टेबल बारा पावलं. ती बारा पावलं मी चाललो नाही, जिना उतरून टपरीपर्यंत गेलो.

अक्कांच्या लक्षात आलं सव्वाबाराला. उभ्या राहिल्या, चेहरा पांढरा. “पाटीलभाऊ, तुमच्या वस्तीचे फोटो कुठे गेले?” पाटील म्हणजे मी. आमच्याकडे निम्मं ऑफिस पाटील.

“असतील ना तिथेच,” मी म्हणालो.

“नाही तिथे. कोणाकडून उडाले? भाऊ, कोणी ते नका सांगू. कधी ते सांगा. बठ्ठा गाव शे त्याम्हा.”

सगळी माणसं आपापल्या स्क्रीनकडे बघत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर दुपारचं ऊन पडलं होतं. माझं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, “वायर सैल झाली असेल.”

“सगळ्यांनी हात वर करा. कोणी काही टाकू नका ‘सर्वांचे’मध्ये,” अक्का ओरडल्या.

नाना टेबलावरूनच म्हणाले, “अक्का, साहेब दौऱ्यावर आहेत. ऑफिस बंद करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? चालू द्या रे.” आणि आमची टकटक पुन्हा सुरू झाली.

अक्का टेबलामागून बाहेर आल्या. मग कपाटाजवळ गेल्या, चार वाजताच्या पूजेचं ताट तिथे झाकून ठेवलेलं होतं. ते उचललं, सर्व्हरचं बटण दाबून तो बंद केला, वायर उपटली, आणि त्या काळ्या डब्यावर हळदीची पाच बोटं ओढली, कुंकू लावलं, झेंडूची सगळ्यांत मोठी माळ घातली. नारळ समोर ठेवला. मागे वळून म्हणाल्या, “पूजा झाली. आता हत्यार उठवायचं नाही. ज्याला उठवायचं त्यानं उठवावं.”

टकटक थांबली. एकजात सगळ्यांचे हात मांडीवर. नाना उठले, चपला काढून पुढे आले आणि सर्व्हरला नमस्कार केला.

मला तेव्हा जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही. चार वर्षं ती बाई घसा फोडून समजावत होती, तिचं एक अक्षर कोणाच्या कानात शिरलं नाही. हळदीच्या पाच बोटांनी शिरलं. आणि त्या शिसारीत मी स्वतःला बाजूला काढायचो, आम्ही म्हणायच्या ऐवजी ‘हे लोक’ म्हणायचो. तेवढी चलाखी माझ्यात होती.

दसरा आणि पुढचे दोन दिवस अक्का धरणगावहून येत राहिल्या. घरात सण टाकून. सर्व्हरची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि एकेक फोटो वर ओढला. मीही जाऊन बसायचो, मदत म्हणून. खरं तर काय काय परत येतं ते बघायला. फोटो येत होते, पण नावं गेलेली. नुसते आकडे. अक्का पंचनाम्यांचे कागद पसरून बसल्या आणि एकेका घराला ओळखत गेल्या. “हे दोन दरवाज्याचं म्हणजे नऊ नंबर. ही तुळस फुटक्या माठातली, एकतीस.” मी फोटो काढले होते, मला एकही घर ओळखता येत नव्हतं.

त्रेसष्ट घरं आली. सत्तेचाळीस नंबर आलं नाही. त्या जागी साडेअकरा वाजता सेव्ह केलेला एक मोठा व्हिडिओ निघाला. नानांच्या नातीचा गरबा.

अक्कांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. पोरगी छान नाचत होती, तिचा काय दोष. मग म्हणाल्या, “दहा-साडेदहाला जरी कोणी सांगितलं असतं ना भाऊ.” माझ्याकडे बघून नव्हे. मी पाणी प्यायला उठलो.

सत्तेचाळीस नंबरचं घर सुपडाबाईंचं. एकटी विधवा बाई. पंच गेले त्या दिवशी ती भडगावला मुलीकडे गेलेली, म्हणून पंचनाम्यात ‘घर बंद’ असं पडलं. बंद घर म्हणजे राहतं नाही, राहतं नाही म्हणजे प्लॉट नाही. तिनं रडारड केल्यावर मी पुन्हा जाऊन फोटो काढले होते: पेटलेली चूल, खाट, वाळत घातलेली लुगडी. ती बाई तिथे राहत होती याचा पृथ्वीवर तेवढाच पुरावा होता.

साहेब परत आले. चौकशी झाली. अहवाल नानांनी लिहिला: कॉम्प्युटर ऑपरेटरनं परवानगीशिवाय सर्व्हर बंद केला, डिस्क काढली, त्यात एका घराचे फोटो नष्ट झाले. खाली साक्षीदार म्हणून सही हवी होती. नानांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी इंग्रजी न वाचता ‘येस’ करतो हे वर सांगितलंच आहे. तो कागद मराठीत होता आणि मी तो नीट वाचला. मग सही केली.

अक्कांचं कंत्राट वाढलं नाही. त्यांनी जाताना टेबल पुसलं, पेला पिशवीत टाकला. कोणाशी भांडल्या नाहीत. मला वाटलं, सुटलो. त्या आठवड्यात मी मस्त झोपलो, याचीही आज घाण वाटते.

सहा-सात महिन्यांनी सुपडाबाईंच्या अर्जावर सुनावणी निघाली. ऑफिसतर्फे मला पाठवलं. जुन्या इमारतीतला हॉल, भिंतीला टेकून उभी माणसं, घामाचा आणि ओल्या फायलींचा वास. पुकारा झाला तशी सुपडाबाई पुढे आली, आणि तिच्या दंडाला धरून कुसुमअक्का.

“तुम्ही कोण?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“कोणी नाही साहेब. पूर्वी त्यांच्याकडे कामाला होते. यांच्या घराच्या फोटोला नाव मी दिलं होतं. मी तो फोटो पाहिलेला आहे, तेवढं सांगायला आले.”

आणि त्या सांगत गेल्या. दार निळं, त्यातली एक फळी नवी, तिला रंग नाही. चुलीवर तवा, तव्यात अर्धी भाकरी. खाटेचा एक पाय विटेवर. दोरीवर दोन लुगडी, एक हिरवं.

सुपडाबाई मधेच म्हणाली, “हिरवं मह्या पोरीनं देल्लं व्हतं साहेब,” आणि रडायला लागली.

अधिकारी माझ्याकडे वळले. “ऑफिसचं काय म्हणणं? यांची नोकरी गेलेली आहे, यांच्या सांगण्यावर मी कसा विसंबू? होता का असा फोटो?”

हॉलमध्ये पंखा कुरकुरत होता. अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या, समोर भिंतीकडे बघत होत्या.

“होता साहेब,” मी म्हणालो. “मीच काढला होता. घर राहतं होतं. चूल पेटलेली मी पाहिली.”

“मग गेला कुठे?”

“तांत्रिक कारणानं,” मी म्हणालो.

अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. अर्ज मान्य झाला. सुपडाबाईला प्लॉट मिळाला, तो आजही तिच्या नावावर आहे. माझं बोलणं खरं होतं, त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि अक्कांची नोकरी ज्यात गेली तेवढाच भाग त्यात नव्हता.

बाहेर व्हरांड्यात मी घाम पुसत उभा होतो. सुपडाबाई लगबगीनं माझ्याकडे आली. “भाऊ, तुमी व्हते म्हून,” एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि ती सत्तरीची बाई पदर सावरत माझ्या पायाशी वाकली.

अक्कांनी मागून येऊन तिला कोपराला धरलं आणि अर्ध्यातूनच उभं केलं.

“यांच्या नको मावशी,” त्या म्हणाल्या. “चला, बस निघेल.”

त्या दोघी जिना उतरून गेल्या. अक्कांनी वळून बघितलं नाही, आणि मी त्यांना त्यानंतर पाहिलेलं नाही. ती म्हातारी वाकली तेव्हा मी पाय मागे घेतले नव्हते.